कोरी छागल

मिलिटरीच्या जुन्या पिशव्या जमवायचा नाद ज्याला लागला त्यानं बीड जिल्ह्यात राहू नये, आणि राहायचंच झालं तर निदान दुष्काळात तो नाद गुंडाळून ठेवावा. या पिशव्यांना पाणी लागतं. जाड खाकी कापड, त्यात कुठल्या कुठल्या जवानांचा घाम, बंदुकीचं तेल, वर गोदामातल्या उंदरांची घाण. ते सगळं काढायचं तर पिशवी आधी भिजत घालावी लागते, मग साबणाच्या पाण्यात हलक्या हातानं चोळावी लागते, आणि मग साबण निघेपर्यंत साध्या पाण्यातून काढत राहावं लागतं. आमच्या गावाला त्या वर्षी टँकर यायचा, तोही त्याची लहर लागली तर. आंघोळ परातीत बसून करायची, ते पाणी कपड्यांना, कपड्यांचं पाणी गोठ्यात शिंपायला. या व्यवस्थेत माझ्या पिशव्या कुठंच बसत नव्हत्या.

"तुमच्या त्या मढ्याच्या पिशव्यांना माज्या ड्रममधलं थेंबभर पाणी मिळायचं न्हाई," असं बायकोनं मार्चमध्येच निक्षून सांगितलं होतं. पिशव्या मेलेल्या शिपायांच्या असतात अशी तिची समजूत होती आणि ती मी कधीच घालवू शकलो नाही. मग मी कोरडं काम करत बसायचो. उन्हात टाकायचं, ब्रशनं झाडायचं, डागावर ज्वारीचा कोंडा घासायचा, कसर लागू नये म्हणून आत कडुलिंबाचा पाला भरायचा. पितळी बक्कलं राखेनं घासायची. तुटलेल्या पट्ट्यांना मेण लावलेल्या दोऱ्यानं टाके घालायचे. इतकं करूनही पिशवीला गोदामाचा वास यायचा तो यायचाच. ती हातात घेऊन बसलो की जीव चिडचिडा व्हायचा.

मी तालुक्याच्या दूध संघात कारकून. संघात दूध उरलं नव्हतं, त्यामुळे पाटोद्याच्या अलीकडं संघानं जी चारा छावणी उघडली होती तिथं माझी नेमणूक झाली होती. दिवसभर जनावरांच्या कानातले बिल्ले बघायचे आणि लोकांच्या शिव्या ऐकायच्या. खांद्याला मिलिटरीची झोळी असायची म्हणून छावणीतले लोक विचारायचे, "काय मेजर, युद्ध कधी हाय?" पहिल्या दिवशी मी हसलो. नंतर हसायचं बंद केलं.

उसतोडीला गेलेली माणसं त्या सुमाराला परत येत होती. त्यांच्याकडं हमखास चांगल्या पिशव्या असतात, कारण कारखान्याकडं जाताना नगरच्या जुन्या बाजारातून ते लोक मजबूत म्हणून हाच माल घेतात. एकदा काळी-पिवळी जीपमध्ये शेजारी एक बाई बसली होती. तिच्या पायाशी मिलिटरीचा पिट्ठू होता, पाठीवर घ्यायची जुन्या विणीची पिशवी, पट्टे मूळचे, बक्कलं मूळची, मला तर घाम फुटला. म्हटलं, "मावशी, ही पिशवी द्याल का? बदल्यात नवी कोरी देतो."

"कावून? हिच्यात तर निस्ती भांडी हायेत."

"भांडी तुम्हीच ठेवा. मला पिशवी पाहिजे. जुनी आहे म्हणून."

"जुनी हाय म्हून पायजे?" बाईनं मला नीट निरखून घेतलं, पिट्ठू पायाशी होता तो मांडीवर घेतला आणि मांजरसुंब्यापर्यंत त्याला मिठी मारून बसली. जीपमधली सगळी माणसं माझ्याकडं चोराकडं बघावं तशी बघत होती. माझ्या नादाची आमच्या मुलखात ही एवढीच किंमत.

हा नाद लागला कुठून, तर आमच्या दादांच्या गाडीपासून. दादा म्हणजे माझे वडील. संघाचे बरे दिवस होते तेव्हा संघानं नगरहून मिलिटरीच्या लिलावातला एक ट्रक आणला होता. दादा त्याचे ड्रायव्हर. गावोगावचे दुधाचे कॅन गोळा करायचे आणि शीतकेंद्रावर आणून टाकायचे. ट्रकबरोबर दोन-चार खाकी पिशव्या आल्या होत्या आणि एक छागल आली होती. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, वर बूच, टांगायला दोरी. कापड सतत थोडं झिरपतं, वारा लागला की आतलं पाणी गार होतं. दादा ती गाडीच्या नाकावर टांगायचे. प्रत्येक गावच्या फाट्यावर कॅन चढेपर्यंत छागल उतरवायची, जे कोणी उभं असेल त्याच्या ओंजळीत पाणी धरायचं आणि सगळ्यात शेवटी उरलेलं स्वतः प्यायचं. सुट्टीत मी गाडीवर जायचो तेव्हा हे रोज बघायचो. पुढं ट्रक भंगारात गेला, छागल कुठं गेली कोणालाच माहीत नाही, दादा निवृत्त झाले, आणि मी मात्र नगरच्या जुन्या बाजारात तसल्या पिशव्या शोधत फिरायला लागलो.

त्या उन्हाळ्यात दादांनी पाणी प्यायचं जवळजवळ सोडलं.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. पाणी कमी पिणारा माणूस दुष्काळात शहाणाच वाटतो. बायको तर कौतुकानं सांगायची, मामांचं काही मागणंच नसतं. मग त्यांची जीभ कोरडी पडायला लागली, लघवी लालभडक व्हायला लागली, आणि एकदा उठताना तोल जाऊन ते दारातच बसले. पाटोद्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "किडनीवर ताण आहे. यांना पाणी पाजा. पुन्हा असंच झालं तर बीडला न्यावं लागेल, आणि या वयात तिथून माणूस तसाच परत येईल याची हमी मी देणार नाही."

पाजा म्हणजे काय, लहान मूल आहे का ते? घरी आलो तेव्हापासून मी पेला घेऊन त्यांच्या मागं लागलो. टँकरच्या पाण्याला पावडरीचा वास येतो म्हणाले. विकतचा जार आणला, तर त्याला चवच नाही म्हणाले. माठातलं दिलं, तर माठातबी तेच टँकरचं म्हणाले. मी ओरडलो की दोन घोट घ्यायचे आणि पेला खाटेखाली सरकवून द्यायचे. एकदा मी फारच बोललो. तेव्हा त्यांनी तोंड फिरवून घेतलं आणि म्हणाले, "छागलीचं आसंल तर पितो."

"छागलीतही टँकरचंच पाणी येणार ना, दादा?"

"छागलीत वास उडून जातो. तुला काय म्हाईत."

मला काय माहीत! एवढ्या वर्षांत घरातल्या कुणी माझ्या पेटाऱ्याला हात लावला नव्हता, आणि आता त्यातल्या एका वस्तूवर या माणसाचा जीव अडून बसला होता. खरं सांगायचं तर रागाच्या जोडीला थोडा आनंदही झाला. पहिल्यांदाच माझ्या पिशव्या कोणाच्या तरी उपयोगाला येणार होत्या.

माझ्याकडं छागली दोनच होत्या. एक वापरलेली, मी स्वतः शिवण नीट केलेली. दुसरी कोरी. नगरच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या माळ्यावरून मिळालेली, कधी पाणी न भरलेली, पोटावर काळ्या शाईचा मिलिटरीचा बाणाचा शिक्का आणि आकडे जसेच्या तसे. कोरी छागल भिजवायची नाही, हा आम्हा नादिष्ट लोकांचा पहिला नियम. एकदा पाणी लागलं की कापड आखडतं, शाई पसरते, मग ती हजारांतली एक राहत नाही. पुण्याचा एक संग्राहक त्या छागलीसाठी दर दोन महिन्यांनी फोन करायचा. मी तिला जुन्या धोतरात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवली होती. ती विकायची नव्हती आणि वापरायची तर नव्हतीच.

अर्थातच मी वापरलेली काढली. छागल भरण्याआधी भिजवावी लागते. सूत फुगल्याशिवाय ती पाणी धरत नाही. आता बायकोपुढं उभं राहणं आलं. मी डॉक्टरांचं नाव पुढं केलं, तेव्हा कुठं तिनं एक हंडा दिला, तोही असा की जणू मी तिचे दागिने गहाण टाकायला मागतोय. छागल भिजवली, ते पाणी म्हशीला पाजलं, परत भरली, टांगली. दुपारी पाणी काढलं तर गरम. पुन्हा बघितलं तेव्हा कळलं, माझ्या आधीच्या कोण्या शहाण्यानं गळू नये म्हणून बाहेरून कसलं तरी तेल चोपडून ठेवलेलं. कापडाची छिद्रं बुजलेली. ती झिरपणार कशी आणि गार होणार कशी? दादांनी एक घोट घेऊन थुंकला.

"डिझेल पाजतो का बे मला?"

त्या दिवशी ते दिवसभर एवढासा चहा सोडून काही प्यायले नाहीत. संध्याकाळी त्यांचे डोळे मला खोल गेलेले दिसले. मी पेटी उघडली, धोतर सोडलं आणि कोरी छागल मांडीवर घेऊन बसलो. शिक्क्यावरून बोट फिरवलं. मनात वाईट वाईट यायला लागलं. म्हटलं, या माणसानं आयुष्यात माझी एक गोष्ट ऐकली नाही, आणि आता माझी एकच चांगली वस्तू होती ती याच्या हट्टापायी मी नासवतोय. मग उठलो आणि ती घमेल्यात बुडवली. शाई लगेच गेली नाही, पण कडेनं निळसर पसरायला लागली. मी तिकडं बघितलं नाही.

कोरी छागल सुरुवातीला गळतेच. रस्त्याकडेला घराच्या पुढं लिंब आहे, त्याच्या फांदीला ती टांगली तर थेंब थेंब खाली. दुष्काळातल्या गावात रस्त्यावर पाणी गळताना दिसणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. जाणारा-येणारा प्रत्येक माणूस थांबायचा. "आवो, पाणी गळतंय तुमचं." मी सांगायचो, गळू द्या, तसंच असतं. तो मान हलवून जायचा आणि त्याच्या मागून दुसरा यायचा. समोरची म्हातारी तर कासावीस होऊन रस्ता ओलांडून आली आणि छागलीखाली हात धरून उभी राहिली. तिला समजावता समजावता मला छावणीला जायला उशीर झाला.

दुपारनंतर परत आलो तर छागल दिसेना. फांदीला खताच्या गोणीतली प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली, सुतळीनं गळ्याशी घट्ट आवळलेली. छागल तिच्या आत. बायकोनं एक थेंब वाया जाऊ नये म्हणून तिला आख्खी बांधून ठेवली होती. प्लॅस्टिकच्या तळाशी गळलेलं पाणी साठलं होतं, तेही ती रांजणात ओतणार होती. छागलीला हात लावला तर आतलं पाणी आंघोळीला चालेल इतकं कढत. दादांनी ते हुंगूनच परत केलं होतं.

मी त्या दिवशी जेवढा भडकलो तेवढा बायकोवर कधी भडकलो नव्हतो. "अगं, ती झिरपली नाही तर गार व्हायची कशी? झिरपण्यासाठीच केलीय ती! एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

"कळतंय मला," ती म्हणाली. "सकाळी सांगितलं तवाच कळलं. पन हंडाभर पान्यासाठी मी ऊन व्हायच्या आदी रांगंत उभी ऱ्हाते. डोळ्यादेखत ते मातीत जाताना न्हाई बघवत. तुमी छावनीत असता, तुमाला बघावं लागत न्हाई."

तिचं खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला अजूनच राग आला. शेवटी तोडगा तिनंच काढला. प्लॅस्टिक सोडलं, छागलीखाली घमेलं ठेवलं आणि थेंब त्यात पडू दिले. घमेल्याभोवती कोंबड्या जमल्या. एकदोन दिवसांत सूत फुगलं, गळणं थांबलं, नुसता ओलावा राहिला. कापडाला हात लावला की गार लागायचं. मी छावणीतून लवकर निघून आलो, पेला भरला, स्वतः चाखून बघितलं. वास नव्हता. खरंच नव्हता. पेला दादांच्या हातात दिला आणि आता पितील म्हणून समोर उभा राहिलो.

दादा पेला घेऊन उठले, काठी टेकत लिंबाखाली गेले आणि रस्त्याकडं बघत बसले. मेंढरं घेऊन एकजण चालला होता. "ओ पाव्हणं," दादांनी हाक मारली, "पाणी प्या." तो आला, ओंजळ धरली, दादांनी पेला त्याच्या ओंजळीत रिकामा केला. मग छागलीचं बूच काढून अजून ओतलं. मेंढरंवाला तृप्त होऊन तोंड पुसायला लागला.

"दादा," मी म्हटलं, "अहो ते तुमच्यासाठी भरलंय."

"पितो की."

आणि प्यायले. मेंढरंवाल्याशी पाऊसपाण्याचं बोलत बोलत पेला भरून प्यायले, मग पुन्हा अर्धा. पेला खाटेखाली सरकवला नाही. किती दिवसांनी त्यांच्या गळ्याची गाठ वर-खाली होताना मी बघत होतो. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी आत गेलो.

पण सुख आमच्या नशिबात सरळ नसतं. दुसऱ्या दिवशी रस्त्यानं कोणी आलं नाही, तर दादांनी पाण्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जीप थांबली तर जीपभर माणसांना पाजून मग स्वतः प्यायले. मी समजावलं, विनवलं, ओरडलो. त्यांचं एकच. "गाडीवर मी कवा एकट्यानं प्यालोय का रे? छागलीचं पाणी आसं एकट्यानं पेत न्हाईत." एवढ्या दिवसांत त्यांना पावडरीचा वास येत होता की रिकाम्या घराचा, हे मला तेव्हा कळलं. कळून काय उपयोग? आता बापाला एक पेला पाजायचा तर मला आधी अर्ध्या पाटोदा तालुक्याची तहान भागवायची होती, आणि तीही टँकरच्या पाण्यावर.

बायको तणतणायची, पण दारात येऊन कोणी पाणी मागितलं तर नाही म्हणणं तिच्यानं व्हायचं नाही. ती आत जायची, ड्रमचं झाकण आपटायची आणि हंडा आणून द्यायची. टँकरवाला एकदा छागलीचं पाणी प्यायला थांबला तो रोज थांबायला लागला, आणि जाताना पाइप आमच्या ड्रममध्ये थोडा जास्त धरायला लागला. लगेच गावात बोभाटा. संघातल्या कारकुनाच्या घरी टँकर जास्त ओततो म्हणून तक्रार सरपंचाकडं गेली. सरपंच बघायला आले, दादांनी त्यांनाही पाजलं. तक्रार तिथंच विरली, पण छावणीत मला आठवडाभर टोमणे ऐकावे लागले. जूनमध्ये डॉक्टरांनी दादांना तपासलं आणि म्हणाले, काय केलंत? मी म्हटलं, काही नाही, पाणी पाजलं.

त्याच दिवसांत पुण्याच्या संग्राहकाचा फोन आला. मी ओसरीवर एक फाटकी झोळी शिवत बसलो होतो.

"छागल आहे ना अजून? या वेळी मी स्वतः न्यायला येतो. शिक्का नीट आहे ना?"

मी लिंबाकडं बघितलं. छागलीचा रंग खाकीचा मातकट झाला होता, तळ फुगला होता, दोरीच्या जागी बायकोनं तिच्या जुन्या लुगड्याची किनार बांधली होती. शिक्क्याच्या जागी निळसर डाग होता, बाण कुठला आणि आकडे कुठले ते मलाही सांगता आलं नसतं. खाली चार-पाच माणसं उकिडवी बसली होती. दादा त्यांच्या मधोमध, हातात पेला.

"भिजवली," मी म्हटलं.

"भिजवली? कोरी छागल? अहो, पण कशासाठी?"

"पाणी भरायला."

वाया घालवलीत, म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मला ते लागलं, नाही असं नाही. तशी छागल मला या जन्मात पुन्हा मिळायची नव्हती. मी सुई झोळीत खुपसून तसाच बसून राहिलो. तेवढ्यात लिंबाखालून हाक आली.

"रिकामी झाली रे. भर. मी ऱ्हायलोय अजून."

मी आत गेलो आणि ड्रमचं झाकण आपटलं.